सुश्रुत नीट वाचला, तर प्लास्टर कापवणार नाही

पत्र : सासूबाईंचं वय ६७. न्हाणीघरात पाय घसरला, हात टेकून पडल्या आणि उजवं मनगट मोडलं. अस्थिरोगतज्ज्ञांनी भूल देऊन हाड बसवलं, प्लास्टर घातलं आणि सहा आठवडे ठेवायला सांगितलं. त्याला आता पंधरा दिवस झाले. बोटं थोडी सुजलेली आहेत, आतून खाज सुटते. परवा त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे मामा, येऊन गेले. त्यांचं म्हणणं, ‘प्लास्टरने हात वाळून जातो. सुश्रुताने पाच हजार वर्षांपूर्वी हाडं जुळवली ती दर तीन दिवसांनी पट्टी सोडून, लेप लावून. हे काढून टाका, माझ्या ओळखीचे हाडवैद्य आहेत.’ माझा मुलगा इंजिनीअर आहे, तो म्हणतो हे सगळं थोतांड. सासूबाईंचा कल भावाकडे. त्यांनी मीठ आणि आंबट आपणहून सोडलंय आणि कुणीतरी आणून दिलेल्या हाडजोडाच्या गोळ्या घेतायत. त्यांना रक्तदाबाचं औषधही चालू आहे. आयुर्वेदात मोडलेल्या हाडाला खरंच उपचार आहे का? मी कुणाचं ऐकू?

उत्तर :

ताई, मामा आणि मुलगा यांच्या वादाचं नंतर बघू. आधी सासूबाईंजवळ बसा आणि त्यांची बोटं नीट पाहा. दुसऱ्या हाताच्या बोटांशी रंग ताडून बघा. नख दाबून सोडा, पांढरं पडलेलं नख लगेच गुलाबी व्हायला हवं. बोटांना मुंग्या येतात का, स्पर्श कळतो का ते विचारा. मग तुम्ही स्वतः एकेक बोट हलकेच सरळ करून बघा. तसं करताना जीव जाईल इतकी कळ आली, बोटं गार, निळसर किंवा पांढरीफटक वाटली, बधिर झाली, किंवा दुखणं रोज कमी व्हायच्या ऐवजी वाढत चाललं असेल, तर हे उत्तर पुढे वाचू नका. आहात तशा त्यांना दवाखान्यात घेऊन जा, रात्र असली तरी. प्लास्टरच्या आत सूज वाढून रक्तपुरवठा दबला, तर स्नायू काही तासांत मरायला लागतात.

यातलं काही नसेल आणि बोटं नुसती फुगलेली असतील, तर बहुतेक वेळा हात दिवसभर खाली लोंबकळत राहिल्यामुळे ते होतं. झोपताना हात दोन उशांवर, छातीपेक्षा उंच ठेवा. दिवसा गळ्यात झोळी असली तरी तासातासाने हात झोळीतून काढून कोपर आणि खांदा हलवायला लावा, मूठ उघडझाप करायला लावा. त्या हातात अंगठी अजून असेल तर आजच काढा. निघत नसेल तर सोनाराकडून कापून घ्या, तिची किंमत बोटापेक्षा जास्त नाही. खाजेसाठी प्लास्टरमध्ये विणायची सुई, पट्टी, उदबत्तीची काडी असलं काहीही घालू द्यायचं नाही. कातडी खरवडली की आत जखम चिघळते आणि वास येईपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही.

आता मामांच्या मुद्द्याकडे वळते. मी आयुर्वेदाची वैद्य आहे, शल्यतंत्र म्हणजे शस्त्रक्रियेची शाखा हा माझा विषय, आणि सुश्रुतसंहितेतला भग्नाचा, म्हणजे मोडलेल्या हाडांचा, भाग मला अतिशय प्रिय आहे. तो शिकवताना दर वेळी नव्याने आनंद होतो. म्हणूनच मामा सुश्रुताच्या नावाने जे सांगतायत ते वाचून मला वाईट वाटलं. त्यांनी अध्यायातलं एक वाक्य उचललंय आणि बाकीचा अध्याय तसाच सोडलाय.

संहितेत हा विषय दोन ठिकाणी येतो : निदानस्थानाच्या पंधराव्या अध्यायात निदान आणि चिकित्सास्थानाच्या तिसऱ्या अध्यायात उपचार. ग्रंथ पाच हजार वर्षांचा नाही. त्याची घडण काही शतकं चालली आणि दोन हजार वर्षांच्या आसपासचा म्हणणं जास्त सुरक्षित. पण जुनेपणाचा आकडा मोठा असो की लहान, आत जे लिहिलंय ते थक्क करणारं आहे. सांधा निखळणं आणि हाड मोडणं या दोन गोष्टी सुश्रुत सुरुवातीलाच वेगळ्या करतो. निखळण्याचे सहा प्रकार, मोडण्याचे बारा. त्यातला ‘वक्र’ म्हणजे हाड वाकलंय पण तुटून वेगळं झालेलं नाही, जे आपण आज लहान मुलांच्या हातात बघतो. ‘अश्वकर्ण’ म्हणजे तुकडा घोड्याच्या कानासारखा टोकदार उभा राहिलेला. ‘चूर्णित’ म्हणजे चुरा झालेला, तो स्पर्शावरून आणि आवाजावरून ओळखायचा. ‘मज्जानुगत’ म्हणजे हाडाचा एक तुकडा दुसऱ्याच्या गाभ्यात घुसलेला. क्ष-किरणांचा शोध १८९५ सालचा. त्याच्या कितीतरी शतकं आधी हा माणूस नुसत्या बोटांनी चाचपून आणि कानाने ऐकून हे भेद करत होता. लक्षणंही तशीच नेमकी दिली आहेत : सूज, स्पर्श सहन न होणं, अवयव गळून पडणं, दाबल्यावर आतून येणारा कर्र आवाज, आणि कसंही ठेवलं तरी चैन न पडणं.

कोणतं हाड कसं मोडतं याबद्दल त्याने एका श्लोकात सांगितलंय की कोवळी हाडं वाकतात, नळीची मोडतात, कवटीसारखी चपटी हाडं फुटतात आणि दात तडकतात. आज पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला यात एक शब्द बदलावा लागणार नाही.

उपचाराचा गाभा चार क्रियांचा : आञ्छन म्हणजे ओढणं, पीडन म्हणजे दाबणं, संक्षेप म्हणजे तुकडे एकमेकांशी भिडवणं आणि बंधन म्हणजे बांधणं. खाली दबलेला तुकडा वर उचलावा, वर आलेला दाबावा, दूर सरकलेला ओढून जागी आणावा, असं श्लोकच सांगतो. आता तुमच्या डॉक्टरांनी काय केलं ते आठवा. भूल दिली, हात ओढला, अंगठ्याने दाबून हाड जागेवर बसवलं आणि बांधलं. म्हणजे सुश्रुताने सांगितलेल्या चारही क्रिया सासूबाईंच्या हातावर झालेल्या आहेत, शिवाय भुलीमुळे त्यांना किंचाळावं लागलं नाही. बांधायला मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन यांच्या साली किंवा बांबूच्या कामट्यांऐवजी प्लास्टर वापरलं, एवढाच फरक. मॅथिजसेन नावाच्या डच लष्करी डॉक्टरने १८५१च्या सुमारास प्लास्टर ऑफ पॅरिस चोळलेल्या पट्ट्या वापरायला सुरुवात केली, त्याचा हा वारसा. ओली पट्टी हाताच्या वळणाप्रमाणे बसते आणि मग कडक होते. सालीला हे जमत नव्हतं. सुश्रुतासमोर ती पट्टी ठेवली असती तर त्याने ती पहिल्यांदा उचलली असती, याबद्दल मला जराही शंका नाही.

मामांचे तीन दिवस त्याच अध्यायातले आहेत, हे मान्य. पण तिथे तीन गोष्टी आहेत : थंडीत सात दिवसांनी, सौम्य हवेत पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी बंध सोडून पुन्हा बांधावा. का? आत मंजिष्ठा, ज्येष्ठमध, रक्तचंदन, तांदळाचं पीठ आणि शंभर वेळा धुतलेलं तूप यांचा लेप असायचा. उन्हाळ्यात घाम येतो, लेप आंबतो, कातडी कुजते. शिवाय हाड सरकलंय का हे बघायला बंध सोडून चाचपणं हाच एक मार्ग होता. आज ते काम एक्स-रे करतो, बंध न सोडता. आणि त्याच जागी सुश्रुत जे सांगतो ते मामांनी वाचलेलं दिसत नाही : बंध सैल झाला तर जोड स्थिर होत नाही, फार आवळला तर सूज येते, ठणका लागतो, पू होतो. म्हणून मध्यम बंध चांगला.

ताई, हे वाक्य तुमच्यासाठी फार कामाचं आहे. मनगटाची सूज आठ-दहा दिवसांत उतरते आणि पहिल्या दिवशी घट्ट असलेलं प्लास्टर आतून सैल पडतं. सासूबाईंच्या वयाला ठिसूळ झालेलं हाड अशा वेळी हळूच परत वाकतं, आणि बाहेरून काही कळत नाही. म्हणूनच पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पुन्हा एक्स-रे काढायची पद्धत आहे. तो काढला का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. काढला नसेल तर या आठवड्यात जा. प्लास्टरच्या कडेतून तुमचं बोट सहज आत-बाहेर जात असेल तर तेही डॉक्टरांना दाखवा, ते प्लास्टर बदलून देतील. सुश्रुताचा आग्रह असेल तर तो असा पाळायचा.

मग हे प्लास्टर आज कापलं तर काय होईल? पंधरा दिवसांत मोडलेल्या टोकांमध्ये मऊ जोड तयार होत असतो, त्यात अजून ताकद नसते. हाड सरकलं तर मनगट वाकडं जुळेल, मूठ आवळताना आणि पाण्याची बादली उचलताना आयुष्यभर दुखेल. वाकडं जुळलेलं हाड पुन्हा मोडून नीट बसवावं, असंही याच अध्यायात आहे, आणि ते आजही करतात. पण ६७व्या वर्षी टाळता येण्यासारखी दुसरी शस्त्रक्रिया कशाला ओढवून घ्यायची?

काळाबद्दलही ग्रंथ बोलतो. पहिल्या वयात एका महिन्यात जोड स्थिर होतो, मधल्या वयात दोन आणि उतारवयात तीन महिने लागतात. शिवाय म्हाताऱ्या माणसाचा आणि सांध्याला लागून असलेला भग्न कष्टाने बरा होतो, असा निदानस्थानात स्पष्ट इशारा आहे. सासूबाई दोन्हींत बसतात. डॉक्टर सहा आठवडे म्हणतात आणि सुश्रुत तीन महिने, यात विरोध नाही. मनगटाजवळचं हाड स्पंजासारखं सच्छिद्र असतं, तिथे रक्तपुरवठा भरपूर, म्हणून सहा आठवड्यांत प्लास्टर काढण्याइतपत जोड बसतो. जड भांडं उचलण्याइतकी ताकद यायला तीन महिने धरूनच चाला.

खरी गुंतागुंत अशी आहे की आपल्या घरांमध्ये ‘आयुर्वेद’ या एका शब्दात तीन अगदी वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. एक म्हणजे संहिता आणि तिच्यावरचं शिक्षण. दुसरी, हाडवैद्यांची घराणी, ज्यांनी वाडवडिलांकडून हातचं काम शिकलेलं असतं. तिसरी, दुकानात मिळणाऱ्या गोळ्या आणि तेलं. या तिन्हींची जबाबदारी एकट्या सुश्रुतावर टाकणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

हाडवैद्यांना मी सरसकट नावं ठेवणार नाही. आंध्रातल्या पुत्तूरची घराणी पाला, अंड्याचा पांढरा बलक आणि बांबूच्या पट्ट्या वापरून पिढ्यान्‌पिढ्या हाडं बांधत आली आहेत, लांबलांबून लोक तिथे जातात. जवळपास दवाखाना नसलेल्या काळात अशाच हातांनी कितीतरी माणसं चालती केली. काहींची बोटं इतकी तयार असतात की बघत राहावं. पण त्या हातांना हाडाच्या आतलं दिसत नाही, शिरेवरचा दाब मोजता येत नाही आणि बिघडलं तर त्यांच्याकडे शस्त्रक्रियेचं दालन नाही. सर्वांत मोठा धोका आवळून बांधण्याचा. घट्ट पट्ट्यांनी रक्तपुरवठा तुटून हाताची बोटं कायमची आखडतात, त्याचं वर्णन जर्मन शल्यचिकित्सक फोल्कमान याने १८८१ साली केलं. सुश्रुताने ‘फार आवळू नका’ म्हटलं ते उगाच नाही. पट्ट्यांखाली हात काळा पडून कापावा लागलेले रुग्ण आजही येतात. त्यात लहान मुलंही असतात, आणि ते बघवत नाही.

मुलांचा विषय निघालाच आहे तर थोडं विषयांतर करते. घरात नातवंड असेल आणि ते पडून कोपर सुजलं, तर कुणीही चोळायचं नाही, ओढायचं नाही. कोपराच्या वरचं हाड मोडलं की त्याची टोकं हाताच्या मुख्य धमनीला अगदी खेटून असतात. शिवाय सुजलेल्या कोपराला रोज मालीश केली की स्नायूतच हाड तयार होऊन कोपर आखडतं, मग तो हात तोंडापर्यंत जात नाही. आजीने प्रेमाने केलेली मालीश असते ती, त्यामुळेच हे पुन्हापुन्हा सांगावं लागतं.

आता तुमच्या मुलासाठी. त्याला म्हणावं, थोतांड हा शब्द मागे घे आणि चिकित्सास्थानाचा तिसरा अध्याय भाषांतरात का होईना, पण पूर्ण वाच. मांडी किंवा पोटरीचं हाड मोडलं तर रोग्याला फळीवर झोपवायचं आणि त्या फळीला पाच खुंट्या ठोकायच्या, असं तिथे आहे. सांध्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन आणि एक तळपायाशी. खुंट्यांना पाय बांधला की माणूस झोपेतही तो हलवू शकत नाही. मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा, दोन्ही सांधे जखडले पाहिजेत, हे तत्त्व यात आहे. तुमच्या इंजिनीअर मुलाला त्या फळीचं चित्र स्वतः काढता येईल इतकं ते वर्णन स्पष्ट आहे. संहितेत इतरत्र बांधायच्या पट्ट्यांचेही चौदा प्रकार दिलेत, शरीराचा कोणता भाग, त्यावर कोणती पट्टी. आणि शिष्याने त्यांचा सराव आधी माणसाच्या आकाराच्या बाहुल्यावर करायचा, रोग्यावर नाही. ज्याने हे लिहिलं तो निरीक्षण करणारा, चुका होऊ नयेत म्हणून धडपडणारा माणूस होता.

आणि आता मला सर्वांत आवडणारा भाग, जो सासूबाईंना थेट उपयोगी आहे. तळहात मोडलेल्या रोग्याचा बंध सुटल्यावर त्याने काय करावं? आधी हातात मातीचा गोळा धरावा. मग मिठाचा खडा. हातात बळ आलं की दगड धरावा. मऊ ओली माती मुठीत दाबली जाते, बोटांना हलकं काम मिळतं. मिठाचा खडा दबत नाही, पण फार जडही नसतो. शेवटी दगडाचं वजन. आज फिजिओथेरपिस्ट मऊ चेंडू देतात, मग कडक चेंडू, मग वजन. क्रम तोच. सासूबाईंना चेंडू आवळत बसायला संकोच वाटत असेल तर प्लास्टर निघाल्यावर मऊ मळलेल्या कणकेचा गोळा द्या, सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ. पुढे कणीक घट्ट करत न्या. कोमट पाण्यात हात बुडवून तिथेच मनगट वर-खाली, डावी-उजवीकडे हलवायला लावा. तेल लावायचं असेल तर या टप्प्यावर जरूर लावा. कोरडी पडलेली कातडी मऊ होईल, त्यांना बरं वाटेल. मात्र हलक्या हाताने, आणि दुसऱ्या कुणी मनगट पिरगळून ‘मोकळं’ करून द्यायचं नाही. मामा म्हणतात तसा हात प्लास्टरमध्ये बारीक होतो हे खरंय, पण त्यावर इलाज हा आहे. प्लास्टर अर्ध्यावर काढून तो होत नाही.

खाण्याचं. मीठ, तिखट, आंबट, क्षार, कोरडं अन्न, ऊन आणि श्रम भग्न झालेल्याने टाळावेत, हा श्लोक खरा आहे, सासूबाईंनी तो कुठूनतरी ऐकलाय. मी मात्र तो शब्दशः पाळायला सांगणार नाही. मीठ पूर्ण सोडल्याने हाड लवकर जुळतं याला आधार नाही. उलट उतारवयात, त्यातून रक्तदाबाच्या काही गोळ्यांबरोबर, मीठ एकदम बंद केलं की शरीरातलं सोडियम घसरतं, चक्कर येते, बुद्धी गोंधळते आणि माणूस पुन्हा पडतो. डॉक्टरांनी कमी मीठ सांगितलं असेल तेवढंच कमी ठेवा. आंबटाचंही तसंच. हाडाचा सांगाडा ज्या कोलॅजनवर उभा राहतो, ते बनवायला क जीवनसत्त्व लागतं, म्हणून लिंबू आणि आवळा चालू द्या.

त्याच अध्यायाचा दुसरा अर्धा भाग मात्र मनापासून पाळा. पहिल्या वेताच्या गाईचं दूध, तूप, साळीचा तांदूळ, मांसरस, वाटाण्याचं कढण असा पौष्टिक आहार तिथे सांगितलाय, आणि कमी खाणाऱ्याचं हाड जुळणं कठीण, असा इशाराही दिलाय. आमच्या अनुभवातही हेच येतं. हात बांधलेली बाई डाव्या हाताने खाते, सांडतं, लाज वाटते, म्हणून दोन घास कमी खाते. त्यांना चमच्याने खाता येईल असं द्या. प्रत्येक जेवणात डाळ, दही, पनीर, अंडं, मासे यांतलं त्यांना चालणारं काहीतरी भरपूर असू द्या. त्याच इशाऱ्यात ‘अनात्मवान’, म्हणजे स्वतःवर ताबा नसलेला, असाही रोगी येतो. सासूबाई मिसरी लावत असतील तर हे त्यांना वाचून दाखवा. तंबाखूतलं निकोटीन हाडाकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या आवळतं आणि जोड रेंगाळतो.

गोळ्यांकडे येते. हाडजोड म्हणजे आपल्याकडची कांडवेल, चौधारी देठाची, पेराला पेर जोडल्यासारखी दिसणारी. सुश्रुताच्या भग्नाच्या अध्यायात ती नाही, नंतरच्या ग्रंथांत येते. १९६०च्या दशकात काशी हिंदू विद्यापीठात डॉ. उडुप आणि डॉ. प्रसाद यांनी प्राण्यांवर तिचे प्रयोग केले, आणि मोडलेलं हाड लवकर बळकट होताना दिसलं. तेव्हापासून माणसांवरही लहान लहान अभ्यास झाले, काही आशादायक आहेत. पण हाड न बसवता, न बांधता नुसत्या गोळीने वाकडं हाड सरळ होत नाही, आणि तसं कुठलाच ग्रंथ म्हणत नाही. प्लास्टरच्या जोडीला घेतली तर कांडवेल बहुधा त्रास देणार नाही. मला काळजी आहे ती डबीत आणखी काय आहे याची. या गोळ्यांमध्ये बऱ्याचदा गुग्गुळ असतो, आणि तो प्रोप्रॅनोलॉल आणि डिल्टियाझेम या हृदय व रक्तदाबाच्या औषधांचं शोषण कमी करतो. म्हणजे सासूबाई गोळी नियमित घेतील आणि रक्तदाब तरीही वाढेल. डबी आणि रक्तदाबाची पट्टी, दोन्ही पिशवीत टाकून डॉक्टरांपुढे ठेवा. डबीवर घटक लिहिलेले नसतील, किंवा सुटी पुडी असेल, तर आजच बंद करा. पुडीत धातूची भस्मं असू शकतात आणि ती कशी बनवली याचा तुम्हाला काहीच माग लागत नाही. आयुर्वेदिक औषध द्यायचंच असेल तर पदवीधर वैद्यांकडून, त्यांना चालू औषधांची यादी दाखवून.

मामांना काय सांगायचं? वाद घालू नका, ते बहिणीच्या मायेने आलेत. त्यांना म्हणा, सुश्रुताने काही भग्न हातच लावू नयेत असे सांगितलेत. कमरेच्या हाडाचे, कवटीचे, पाठीचे. ‘वर्जयेत्’ हा त्याचा शब्द आहे. आपल्या साधनांनी काय होणार नाही, हे तो उघड लिहितो. खुब्याचं हाड मोडलेली म्हातारी माणसं तेव्हा अंथरुणातच संपायची. आज शक्यतो दोन दिवसांच्या आत शस्त्रक्रिया करून त्यांना उभं करतात. हाड कातडी फाडून बाहेर आलं, तर जखम तूप-मधाने भरून पू होऊ द्यायचा नाही, अशी धडपड तो करत होता. आज त्यासाठी प्रतिजैविकं आणि धनुर्वाताची लस आहे. त्याला जे साधायचं होतं आणि साधता येत नव्हतं, ते आता साधता येतं. मामांना पुढच्या तपासणीला बरोबर घेऊन जा आणि डॉक्टरांना विनंती करून एक्स-रे त्यांना दाखवा. पहिल्या दिवशीचा आणि आत्ताचा, शेजारी शेजारी. हाड कुठे होतं आणि कुठे बसलंय हे डोळ्यांनी दिसलं की बहुतेकांचा आग्रह मावळतो.

त्याच भेटीत एक प्रश्न तुम्ही विचारायचा आहे, कारण तो बऱ्याचदा राहून जातो. उभ्या उंचीवरून पडून या वयात मनगट मोडलं, याचा अर्थ हाडं ठिसूळ झालेली असण्याची शक्यता मोठी. अशा बाईचा खुबा पुढच्या पडण्यात मोडू शकतो. डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी, तपासणी करून घ्या, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम तपासा. हाडं घट्ट करणाऱ्या औषधाची गरज आहे का, ते स्पष्ट विचारा. घसरून पडल्या की आधी चक्कर आली, हेही सासूबाईंना आठवायला सांगा. चक्कर आली असेल तर रक्तदाबाच्या गोळीचा डोस बघावा लागेल. आणि घरी परतल्यावर न्हाणीघरात भिंतीला पकडायला दांडी बसवा, खाली खरबरीत रबरी चटई टाका, आणि रात्री उठल्यावर दिसेल असा एक दिवा तिथे चालू ठेवा.